दुसरा विल्फ्रेड मम्बी

ग्रिम्स्बी
११ फेब्रुवारी १९७९

चि. विल्फ यास,

अ. उ. आ. आशीर्वाद घ्यायचं तुझं वय राहिलेलं नाही हे मला ठाऊक आहे, पण द्यायचं माझं अजून आहे, तेव्हा मुकाट्याने घे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन आमच्या जिन्याखाली आणि बाबांची खुर्ची त्याला लागून. एरवी हाका मारून घसा बसला तरी त्यांना ऐकू जात नाही, पण त्यांच्याबद्दल काही बोलायला लागलं की शब्द न् शब्द ऐकू येतो. इकडे थंडीने कहर केलाय. कचरेवाले संपावर, गल्लीच्या तोंडाशी पोत्यांचा ढीग, आणि तुझा मेहुणा रेज रोज सकाळी त्याला शिव्या मोजत मासळीच्या कारखान्यात जातो. गोदीकडे आता मी बाबांना नेत नाही. चाळीस वर्षं ज्या बोटींवर त्यांनी नावं रंगवली त्या एकेक करून मोडीत चालल्यात, आणि ते उभे राहून कुठलं अक्षर आधी तुटतं ते बघत बसतात.

मंगळवारी तुला टीव्हीवर पाहिलं. प्रार्थनेला भेटतात त्या मिसेस टास्कर विचारत होत्या, यातला तुझा भाऊ कुठला गं? मी म्हटलं, न्हाणीत विष खाऊन मरतो तो. त्या म्हणाल्या, अगंबाई, तो तर गेल्या महिन्यात बिशप होता! घ्या. तू बिशप, तू खुनी, तू ख्रिसमसच्या खेळात झगा घातलेली जाडी आत्या. गावाला तुझे सगळे चेहरे पाठ आहेत, फक्त तुझा कुठला ते माहीत नाही. बाबांची तक्रार नेहमीचीच, की शेवटी नावं फार भरभर सरकवतात, अक्षरं धड आहेत की नाहीत तेच कळत नाही.

आता मुद्दा. १९ एप्रिलला बाबांना पंच्याऐंशी पूर्ण होतात. घरीच चहा, हॅम, मनुकांचा पाव, चारसहा माणसं. बाबांनी एकच मागणी केलीय. त्यांना मिस्टर मम्बींना बोलवायचंय, तुझ्याच नावाच्या त्या दुसऱ्या नटाला. अठरा वर्षं दोघं एकमेकांना पत्रं लिहितात, दर ख्रिसमसला बाबा त्याला धुरावलेला हॅडॉक मासा पाठवतात, आणि अजून त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. दर वेळी तो बिचारा दौऱ्यावर. बाबा म्हणतात, तोही आता सत्तरीचा असेल, मागेपुढे कुणी नाही, यंदा नाही तर कधी? तू नेहमी पत्रं पुढे पाठवतोस, या खेपेला मला त्याचा पत्ताच दे. मी स्वतः लिहीन. स्टेशनवर रेज जाईल घ्यायला.

आणखी एक. तुझी भाची ज्युडिथ नटी व्हायला निघालीय हे तू जाणतोसच. तिला पहिलं काम मिळालंय, पण तुमच्या युनियनमध्ये ज्युडिथ वॉर्ड नावाची बाई आधीच आहे म्हणे. एका नावाचे दोन नट चालत नाहीत हे आमच्या घराला सांगायला नको. तर तिला आजोबांचं मम्बी हे नाव लावायचंय. बाबांचा आनंद बघण्यासारखा होता. पण लगेच म्हणाले की त्या आधीच्या मम्बींना विचारल्याशिवाय नको, नाव पहिलं त्यांचं. तेव्हा तेही त्यांना विचारायचं राहिलंय.

घशाला जप. लोभ आहेच, तो पत्ता पाठवून टिकव.

तुझी बहीण,
एडना

*

बाथ
१७ फेब्रुवारी १९७९

प्रिय एडना हिस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तीन गावं फिरून इथे नाट्यगृहात मिळालं. आम्ही इथे पुढच्या शनिवारपर्यंत आहोत. मी एक बहिरा कर्नल करतोय आणि लोक हसतायत. बाबांचाच कानामागे हात धरायचा ढंग उचललाय, पण त्यांना सांगू नकोस.

एक वाईट बातमी आहे. कशी कळवावी या विचारात तीन आठवडे गेले. विल्फ्रेड मम्बी गेले. जानेवारीत ॲबर्डीनला खेळ होते, थंडी छातीत भरली, न्युमोनिया झाला आणि चार दिवसांत आटोपलं. तिथेच पुरलं त्यांना. कंपनीतली माणसं होती, एकटे नव्हते. शेवटपर्यंत शुद्धीवर होते असं ऐकतो. बाबांना हळूच सांग. तू सांगशील तसं मला जमणार नाही.

ज्युडिथला म्हणावं इतक्यात त्या नावाच्या भानगडीत पडू नकोस. माणूस जाऊन महिना नाही झाला, बरं दिसत नाही. वर्षभर दुसरं काही लावावं. मी दोनचार छान नावं सुचवीन.

वाढदिवसाला मी यायचा पुष्कळ प्रयत्न करतो. तारखा हातात नाहीत. रेजला नमस्कार.

लोभ करतेस तसाच करत राहा.

तुझा,
विल्फ

*

ग्रिम्स्बी
२७ फेब्रुवारी १९७९

चि. विल्फ यास,

अ. आ. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुपारच्या चहापर्यंत थांबले. मग सांगितलं. बाबांनी पेल्यात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली, पुन्हा ढवळली. मग विचारलं, हॅडॉक पोचला होता का त्याला? मी म्हटलं, ख्रिसमसचा ना, पोचला असणारच. मग रडले. विल्फ, आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं सुचेना, मी त्यांचा पेला धुऊन आणला.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या शेडमध्ये बसतायत. इतक्या थंडीत! मी ओरडले, रेज ओरडला, उपयोग नाही. रेजकडून ओकची फळी मागवून घेतली, घासली, तीन हात रंग दिला. आता अक्षरं चाललीत. पांढरी, काळ्या किनारीची, बोटींवर घालायचे तशी. दिवसाला एखादं अक्षर होतं. रेघ चुकते, मग पुसतात, मग परत. ॲबर्डीनला त्या माणसाच्या थडग्यावर धड पाटी नसणार, कंपनीवाले कसली लावतायत, असं त्यांचं म्हणणं. वाढदिवसाचा चहा रद्द. त्याऐवजी रेजने ईस्टरच्या सुट्टीत गाडीने ॲबर्डीनला न्यायचं ठरलंय. पंच्याऐंशीचा म्हातारा, इतक्या लांब! पण मी नाही म्हणू शकले नाही.

काल चहा द्यायला गेले तर पाटी भिंतीला टेकवलेली. विल्फ्रेड मम्बी, खाली नट.  अरे, थडग्याच्या पाटीवर माझ्या भावाचं नाव, बापाच्या हातचं! मी म्हटलं, बाबा, मला हे बघवत नाही. तर म्हणाले, हे नाव आणि त्याखाली नट, हे लिहायला मिळावं म्हणून मी अठ्ठावीस वर्षं थांबलो, मिळालं ते परक्यासाठी मिळालं. असं म्हणून ब्रश धुवायला लागले.

स्मशानभूमीचं नाव लगेच कळव. आणि कुठल्या बाजूला, तेही विचारून ठेव, म्हणजे त्यांना शोधत हिंडायला नको.

लोभ असावा, आणि या वेळी उत्तर जरा लवकर असावं.

एडना

*

मँचेस्टर
५ मार्च १९७९

प्रिय विल्फमामा यास,

सा. न. वि. वि. आईला हे पत्र ठाऊक नाही.

तू थांब म्हणालास, पण त्याआधीच मी युनियनच्या कचेरीत जाऊन आले होते. खरं तर मी हट्टाने गेले. म्हटलं, म्हातारे मम्बी जिवंत आहेत तोवर परवानगी मागावी, पत्ता तिथेच मिळेल. तिथल्या बाईंनी कार्डांचा खण ओढला. मग दुसरा ओढला, गेलेल्या माणसांचा. मग म्हणाल्या, बाळ, मम्बी नावाचा कुणी नट आमच्याकडे आज नाही आणि कधीच नव्हता. मी म्हटलं, नीट बघा, फार जुने आहेत, स्कॉटलंडात असतात. त्या म्हणाल्या, इथे मी सव्वीस वर्षं आहे, आणि इथे नाही तो नट नाही.

मला वाटलं त्यांचं चुकलं असेल. मग आईचा फोन आला की ते वारले, आणि आजोबा पाटी करतायत. मामा, जो नव्हताच तो न्युमोनियाने कसा मेला?

इथे नाट्यशाळेत मी सगळ्यांना तुझं कौतुक सांगून वीट आणलाय. एकदा आमच्या मास्तरांनी विचारलं, इतके वेगवेगळे लोक तो करतो कसे? मी फुशारकीने म्हटलं, आमचा मामा माणूस आतून बाहेरून पुरा बनवल्याशिवाय सोडत नाही. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. मी काहीच केलेलं नाही, तरी मलाच लाज वाटतेय.

आजोबा ईस्टरला निघतील. शुक्रवारपर्यंत तू आईला कळव, नाहीतर मी कळवते. मला कळवायचं नाहीये. तुझ्यावरचा लोभ आटू नये असं फार वाटतं, म्हणून लिहिलं.

तुझी भाची,
ज्युडिथ

*

चेल्टनहॅम
९ मार्च १९७९

प्रिय एडना हिस,

सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच, आणि बाबांच्या समोर वाचू नकोस.

विल्फ्रेड मम्बी नावाचा दुसरा नट कधीच नव्हता. त्याला मी बनवला, आणि गेल्या महिन्यात मीच मारला. ज्युडिथला कळलंय. तिने मला धमकावलं नसतं तर मी हे आजही लिहिलं नसतं, तेव्हा माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायची गरज नाही.

५१ साली नाट्यशाळेच्या शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांची नावं वाचली. माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, मम्बी हे बंदरावरचं नाव नाट्यगृहाच्या दारावर लावलं तर लोक तिकिटाऐवजी मासळी मागतील. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तिथून युनियनच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी कार्डं चाळली आणि अभिनंदन केलं, की मम्बी कुणीच नाही, नाव तुमचंच. मी म्हटलं, नको, दुसरं लिहा. कुठलं, तर समोरच्या शिंप्याची पाटी दिसत होती, सेलविन. एड्रियन माझ्या मनाचं. दोन मिनिटांत झालं, गं.

माझं पहिलं नाटक बघायला बाबा पहिल्या शनिवारी डार्बीला आले, तुला आठवत असेल. प्रार्थनेचा सूट घालून आले होते. आत न येता रस्त्यावर उभे राहून दारावरची पाटी वरून खाली वाचत होते, बोट फिरवत. मी बाहेर गेलो तर म्हणाले, अक्षरं बरी आहेत रे, पण तू कुठे आहेस? त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, युनियनमध्ये विल्फ्रेड मम्बी आधीच आहे, त्यामुळे देत नाहीत. वाटलं, चिडतील, भांडायला जातील, मी पकडला जाईन. तर त्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, बरोबर आहे, एका बंदरात एका नावाच्या दोन बोटी कशा चालतील? पहिली नोंद त्याची, नाव त्याचं. आणि मग म्हणाले, भला माणूस आहे का?

इथेच मी गाडलो गेलो. नुसतं माहीत नाही म्हणायचं होतं. पण अर्धवट पात्र मला सोडवत नाही. म्हटलं, भला आहे, स्कॉटलंडात म्हाताऱ्यांची कामं करतो. पुढच्या भेटीत त्याचा पाय मोडला. मग त्याची बायको वारली. कांदा त्याला सोसेनासा झाला. एकसष्ट साली बाबांनी पहिलं पार्सल दिलं, त्याला पोचव म्हणून. तो हॅडॉक मी माझ्या खोलीवर दुधात शिजवून खाल्ला, आणि मग डाव्या हाताने आभाराचं पत्र लिहिलं. मित्र स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघाले की त्यांच्याकडून टपालात टाकायचो, म्हणजे शिक्का डंडीचा, पर्थचा. त्यांना गंमत वाटायची. बाबांनी उत्तर लिहिलं. मग मी लिहिलं. मग ते थांबवायचं कसं ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसंही वाटेना.

त्या पत्रांत काय आहे ते विचारू नकोस.

मी राजे केले, खुनी केले, पाद्री केले. माझं सगळ्यात चांगलं काम हे. बघणारा एकच माणूस, आणि तो आपला बाप. लाज वाटते म्हणणं फार सोपं आहे, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही. 

तू काहीतरी जमवून घे. स्मशानभूमी बर्फाखाली आहे म्हण, रस्ते बंद आहेत म्हण. पुढे विसरतील ते.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो.

विल्फ

*

ग्रिम्स्बी
१४ मार्च १९७९

विल्फ,

आशीर्वाद पुढच्या वेळी.

मी काही जमवणार नाही. तुला वाटलं तरी कसं? एका थापेला अठ्ठावीस वर्षं पोसलंस, आता ती म्हातारी झाली म्हणून माझ्या दारात आणून सोडतोस होय? ते विसरतील म्हणे! ते पाटी रोज फडक्याने पुसतायत.

ख्रिसमसच्या आठवड्यात तो हॅडॉक आणायला बाबा गोदीच्या दारात सकाळी सहाला उभे राहायचे, कारण मधला जाड तुकडा त्याला मिळाला पाहिजे. घरात आम्हाला शेपटाकडचा. आणि तो तू दुधात शिजवून खाल्लास! मला हसू येतंय की रडू तेच कळत नाहीये. रेजला सांगितलं तर तो म्हणाला, सेलविनसाहेबांना इकडे येऊ दे, मी त्यांना काट्यासकट भरवतो.

आणि एक गोष्ट माझीही. मी मम्बी नावाची लाज कधी धरली नाही, पण तुझ्या सेलविनचा मला अभिमान वाटायचा. दुकानात मुद्दाम सांगायची, एड्रियन सेलविन माझा भाऊ. आता त्याचीच मला लाज वाटते. तू एकटा हसला नव्हतास त्या वर्गात, मीही थोडी हसले असं वाटतं.

बाबांना तू लिहायचं. तूच, तुझ्या नावाने. मी फक्त पत्र त्यांच्या हातात देईन आणि शेजारी बसेन.

एडना

*

चेल्टनहॅम
२१ मार्च १९७९

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि. आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. इकडे हवा थंड आहे. आमचे खेळ बरे चाललेत.

पत्रास कारण की ॲबर्डीनला जाऊ नये. विल्फ्रेड मम्बी नावाचे कोणी गृहस्थ नव्हते. युनियनने माझं नाव नाकारलं नव्हतं, ते मीच बदललं. ती सर्व पत्रं मी लिहिली. ही माझी मोठी चूक झाली. त्याबद्दल क्षमा मागतो.

कामाच्या गर्दीमुळे जास्त लिहीत नाही. वाढदिवसाला येण्याचा प्रयत्न करतो. लोभ असावा ही विनंती.

आपला,
विल्फ्रेड

*

ग्रिम्स्बी
३० मार्च १९७९

चि. विल्फ्रेड यास,

बापाचे आशीर्वाद. हे लिहायला चार दिवस लागले. एडना म्हणाली मी लिहून देते. मी नको म्हटलं.

पत्र पोचलं. मी ते दोनदा वाचलं, मग एडनाने मोठ्याने वाचून दाखवलं, मग ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. आधी माझा विश्वास बसला नाही. वाटलं, तो माणूस गेला म्हणून तू मला बरं वाटावं यासाठी काही रचतोयस. मी एडनाला म्हटलं, ही पत्रं विल्फची नव्हेत, विल्फला असं लिहिता येत नाही. ती म्हणाली, बाबा, त्यानेच लिहिलीत.

मग मी सगळी काढली. त्याची एकतीस आहेत. टेबलावर एका बाजूला ती लावली आणि दुसऱ्या बाजूला तुझी. तुझी जास्त आहेत, पण ढीग बुटका आहे. तुझ्यात हवा असते. कुठलं गाव, कुठलं काम, गर्दी आहे, येण्याचा प्रयत्न करतो. परवाचंही तसंच आहे. एवढी मोठी गोष्ट सांगितलीस ती पण हवा आणि गर्दी यांच्या मध्ये.

तो माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. पांढऱ्या रंगात जवस तेल किती घालायचं हे त्याने विचारलं, आणि पुढच्या पत्रात ते प्रमाण त्याच्या लक्षात होतं. रात्री झोप येत नाही असं मी लिहिलं तर त्याने चार पानं लिहिली होती, बायको गेल्यावर त्याचं काय झालं ते. आता तू म्हणतोस त्याला बायको नव्हती. मग तुला ते कुठून कळलं, विल्फ्रेड? एकट्या माणसाची उशी कशी असते ते?

नावाचं मला लागलं, नाही म्हणत नाही. पण ते तेव्हाच सांगितलं असतंस तर मी एक आठवडा घुम्यासारखा राहिलो असतो आणि मग म्हटलं असतं, पोराला सेलविन आवडतं तर सेलविन. बोटींची नावं मालक बदलतात, मी कितीदा खरवडून परत लिहिलीत. बोट तीच असते. याच्यासाठी तुला एवढं भ्यायचं कारण नव्हतं. मी तुला कधी मारलंसुद्धा नाही.

दुसरं मात्र सोसत नाही. तुझी आई गेली तेव्हा मी त्याला आठ पानं लिहिली होती. त्यात लिहिलं होतं की मातीला पोरगा सव्वा तास उशिरा आला, आणि आला तेव्हा त्याच्या कानामागे रंग होता. आदल्या दिवशीच्या खेळाचा. मी सगळा वेळ तो रंग बघत होतो, बाईला निरोप द्यायचा राहिलाच. हे कुणाला सांगू नका, विल्फला तर नाहीच, असं मी त्याला लिहिलं होतं. त्याने उत्तर पाठवलं की पोराचं तुमच्यावर प्रेम आहे, नटांना घरच्या माणसांत कसं वागावं ते कळत नाही, त्याला सांभाळून घ्या. ते वाचून मी तुझ्यावरचा राग सोडला. त्याने सांगितलं म्हणून सोडला.

म्हणजे बारा वर्षं तुला ठाऊक होतं. तू दर उन्हाळ्यात इथे आलास, समोर बसून चहा प्यालास, आणि त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. स्वतःची वकिली दुसऱ्याच्या तोंडून करून मोकळा झालास. मला याची शरम वाटते. तुझीही आणि माझीही. मीही ते तुझ्या तोंडावर बोललो नव्हतो, परक्याला लिहिलं. आपण बापलेक सारखेच.

एडना म्हणते, निदान तो माणूस नव्हताच, तेव्हा दुःख कशाचं? तिला कळत नाही. माझा तर मित्र गेलाय. तो नव्हताच असं तू म्हणालास म्हणून परत थोडाच येणार आहे. सकाळी टपालवाला येतो तेव्हा मी अजून उठून बसतो.

ज्युडिथला मी नाव लाव म्हणून कळवलंय. कुणाला विचारायला नको आता.

वाढदिवसाला आलास तर ये, प्रयत्न करतो म्हणून कळवू नकोस. आलास तर काही पाठ करून येऊ नकोस. मी काही मागणार नाही, माफी पण नको, ती तू चांगली करशील आणि मला खरी कुठली ते ओळखता येणार नाही.

एक गोष्ट होती. फेब्रुवारीत मी त्याला लिहायला बसलो होतो, तेवढ्यात तो गेल्याचं कळलं, त्यामुळे ती कुणालाच सांगायची राहिली. एडनाला माहीत नाही. जानेवारीपासून मला उजव्या डोळ्याने दिसत नाही, आणि डावाही डॉक्टरांच्या मते वर्षभर पुरेल असं नाही. मला भीती वाटते. फार वाटते. हे मी त्याला लिहिणार होतो, आता तुला लिहितोय.

उत्तर लवकर लिही, मला वाचता येतंय तोवर.

तुझा बाप,
अमोस मम्बी